पोलादाची पट्टी आणि दुखरी टाच

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



२००४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय क्रिकेट संघ तिरंगी स्पर्धेसाठी ॲमस्टरडॅमला गेला होता. तिथे सचिन तेंडुलकरचा डावा कोपर दुखू लागला आणि त्याला बाहेर बसावे लागले. निदान झाले टेनिस एल्बोचे. पुढे तो परतला, पण दुखणे हटेना आणि मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. हे दुखणे महाराष्ट्राला नवे नव्हते. पोळ्या लाटणाऱ्या, धुणे पिळणाऱ्या बायका, रंधा मारणारे सुतार, दिवसभर पान्हा फिरवणारे फिटर वर्षानुवर्षे ‘हात भरून आलाय’ म्हणत ते अंगावर काढत होते. सचिनमुळे त्याला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जागा मिळाली, एवढेच.

पण तेव्हा अनेकांना पडलेला प्रश्न आजही रास्त आहे. उत्तम डॉक्टर दिमतीला, फिजिओ सतत सोबत, पैशाची ददात नाही. तरीही बोटभर जागेतली एक इजा अशी महिनोन् महिने का रेंगाळते?

उत्तर त्या जागेच्या घडणीत आहे. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे कंडरा, दवाखान्यातल्या बोलीत टेंडन. हाडाला हाडाशी बांधते ते लिगामेंट. या साऱ्यांवर, आणि स्नायूंच्या मधूनमधून, फॅशियाचे पातळ-जाड पडदे असतात. स्नायूंसह या सगळ्यांना मिळून मृदू ऊती म्हणतात. कंडरेचा आणि लिगामेंटचा बहुतांश भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. पेशी कमी, रक्तपुरवठा स्नायूच्या मानाने बेताचा. म्हणून स्नायू लचकला तर दोन-तीन आठवड्यांत माणूस कामाला लागतो. कंडरा दुखावली तर महिने मोजावे लागतात. इजा झाल्यावर पहिले काही दिवस दाह असतो. मग पेशी घाईघाईने नवे कोलॅजन विणू लागतात. हे नवे तंतू बारीक, कमजोर आणि दिशाहीन असतात, पिंजलेल्या कापसासारखे. त्यांचा पीळ बसून ताण पेलणारे सूत व्हायला कधी वर्षही लागते, आणि ते होण्यासाठी त्या जागेवर योग्य ताण पडावा लागतो.

जुनाट दुखण्याची गोष्ट आणखी वेगळी. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये करीम खान, जिल कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठामपणे मांडले, की महिनोन् महिने दुखणाऱ्या कंडरेला ‘सूज आलेली’ समजणे सोडून द्या. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे दाहाच्या पेशी फारशा सापडत नाहीत; सापडते ती विस्कटलेली, झिजलेली तंतूंची रचना. सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेऊनही टेनिस एल्बो आणि टाचदुखी रेंगाळते, याचे एक कारण इथे आहे.

अशा दुखण्यावर गेल्या तीस वर्षांत जे उपाय पुढे आले, त्यांतला एक म्हणजे हातात धरायचे पोलादी हत्यार. इंग्रजी आद्याक्षरांवरून फिजिओ त्याला आयएएसटीएम म्हणतात. पेशंट सरळ ‘ती पट्टी’ म्हणतात. मुंबई-पुण्यातल्या क्रीडा-फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत आता ही पट्टी नेहमी दिसते. ती नेमके काय करते आणि काय करत नाही, हा आजचा विषय.

आधी ती चालताना पाहू. टाचेच्या वर अकिलिस कंडरा दुखणारा एक धावपटू टेबलावर पालथा झोपला आहे, पावले काठाबाहेर लोंबती. फिजिओ आधी अंगठ्याने चाचपते: पोटरी संपून कंडरा सुरू होते तिथपासून टाचेच्या हाडापर्यंत. मग कातडीवर व्हॅसलीनसारखा स्निग्ध थर, फार नाही, पट्टी सरकेल इतकाच. पट्टी स्टेनलेस स्टीलची, वीतभर, किंचित वाकडी. एक कड जाड आणि गोल, दुसरी उतार दिलेली, निमुळती. कड कातडीशी तिरपी धरून आधी पोटरीवर लांब, हलके फटकारे. मग खाली कंडरेवर, आडवे-उभे, आखूड. मध्येच एका ठिकाणी तिचा हात थांबतो. पट्टीखाली खरखर लागली. तीच खरखर पेशंटलाही जाणवते आणि तो ‘हां, हीच जागा’ म्हणतो. पोलाद कंपने चांगली वाहून नेते, त्यामुळे बोटाला सपाट वाटणाऱ्या जागेवरही धातूला खडबड लागते. एका जागी अर्धे-एक मिनिट, फार तर दोन. कातडी लालबुंद होते, क्वचित तांबडे ठिपके उमटतात. सगळे मिळून पाच मिनिटेसुद्धा नाहीत. मग पट्टी पुसून ठेवली जाते आणि पेशंटला पायरीवर उभे केले जाते. त्या पायरीकडे नंतर वळायचे आहे.

अंग खरवडण्याची हत्यारे माणसाकडे फार जुनी. ग्रीक आणि रोमन मल्ल व्यायामानंतर अंगावरचे तेल, घाम आणि धूळ निपटून काढायला स्ट्रिजिल नावाची धातूची वाकडी पट्टी वापरत. लिसिपस या ग्रीक शिल्पकाराने दंडावरून ती ओढणारा तरुण घडवला होता. त्याची रोमन काळातली संगमरवरी प्रत १८४९ मध्ये रोममध्ये सापडली आणि आज व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. हत्यारे विकणारे या शिल्पाचे चित्र हौसेने दाखवतात. पण स्ट्रिजिल मुख्यतः स्वच्छतेचे साधन होते, आपल्या मोरीतल्या वज्रीसारखे. आपल्याकडे तळपायाला तूप किंवा तेल लावून काशाची वाटी फिरवण्याची रीत आहे, सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उद्घर्षणाचा, म्हणजे अंग घासण्याचा, विचार आहे. यांचा आणि पोलादी पट्टीचा सरळ वंश जोडण्याची घाई करू नये. हेतू वेगळे होते.

उपचार म्हणून खरवडण्याची ठळक परंपरा पूर्व आणि आग्नेय आशियात आहे. चीनमध्ये ग्वा शा, व्हिएतनाममध्ये काव यो, इंडोनेशियात केरोकान. चमचा, नाणे, म्हशीच्या शिंगाचा तुकडा असे काहीही घ्यायचे, बाम किंवा तेल लावून पाठ-मान खरवडायची, तांबडे पट्टे उठले की ताप-सर्दी-अंगदुखी उतरेल असे मानायचे. व्हिएतनाम युद्धानंतर निर्वासित कुटुंबे अमेरिकेत पोचली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना मुलांच्या पाठीवर हे पट्टे दिसले आणि आईबापांनी मारहाण केल्याचा संशय आला. १९७६ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकाला यावर लेख छापावा लागला, की ही मारहाण नसून घरगुती उपचार आहे. २००१ मध्ये याच गैरसमजावर ‘ग्वा शा’ नावाचा चिनी चित्रपट आला: अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये आजोबा नातवाला खरवडतात आणि कुटुंब कोर्टात खेचले जाते.

ते तांबडे पट्टे म्हणजे काय, हे मोजून पाहण्याचा एक छोटा प्रयत्न २००७ मध्ये आर्या नीलसन आणि सहकाऱ्यांनी केला. अकरा निरोगी माणसे, ग्वा शा, आणि कातडीतला रक्तप्रवाह टिपणारा लेझर डॉप्लर. उपचारानंतरच्या पहिल्या साडेसात मिनिटांत त्या जागेचा सूक्ष्म रक्तप्रवाह चौपट झाला आणि पंचवीस मिनिटांपर्यंत वाढलेलाच राहिला. म्हणजे खरवडल्यावर कातडीत काहीतरी घडते यात शंका नाही. पण कातडीखाली खोलवर दुखणाऱ्या कंडरेचे काय, याचे उत्तर त्या प्रयोगात नव्हते, आणि तसा त्याचा दावाही नव्हता.

पाश्चात्त्य वैद्यकात हा धागा वेगळ्याच ठिकाणी सुरू झाला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जेम्स सिरियाक्स नावाचे डॉक्टर होते. १९०४ चा जन्म, १९८५ ला निधन. शस्त्रक्रियेविना मृदू ऊतींच्या इजा तपासण्याची आणि हाताळण्याची अख्खी पद्धत त्यांनी उभी केली. तिच्यातला प्रसिद्ध भाग म्हणजे कंडरेच्या तंतूंना आडवे, खोल रगडणे. बोटाचे टोक आणि कातडी एकत्र हलली पाहिजे, तेल लावायचे नाही, आणि नेमक्या दुखऱ्या सेंटिमीटरवरच काही मिनिटे घासत राहायचे. जगभरच्या फिजिओथेरपी अभ्यासक्रमांत हे शिकवले गेले, आपल्याकडेही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथीनंतर फिजिओथेरपीचे शिक्षण उभे राहिले आणि पुढे ब्रिटिश पाठ्यपुस्तकांबरोबर सिरियाक्सही इथल्या विद्यार्थ्यांच्या हातात उतरला.

हातात उतरला, आणि अंगठ्यात बसला. रोज आठ-दहा पेशंट अंगठ्याने रगडायचे म्हणजे अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर रोज कर बसवणे. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टांच्या एका पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी अंगठ्याचा त्रास झाल्याचे निम्म्याहून अधिक जणांनी सांगितले. ज्या वस्तादांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या तालमीत पोरांचे अंग रगडायला कोपर आणि तळहात वापरत, अंगठा शेवटी आणि जरुरीपुरता. त्यामागे शास्त्राचे पुस्तक नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच हात मातीत घालायचा होता.

अंगठ्याची जागा धातूला देण्याचे काम आधी स्वीडनच्या कर्ट एकमन या फिजिओथेरपिस्टने केले. ते सिरियाक्सबरोबर काम करत. जिथे बोट शिरत नाही अशा दोन स्नायूंमधल्या फटीत पोचण्यासाठी त्यांनी धातूचे आकडे बनवले, लहान-मोठ्या वाकांचे. ही पद्धत युरोपात, विशेषतः बेल्जियम आणि स्पेनमध्ये, अजून चालते. अमेरिकेतली कथा डेव्हिड ग्रॅस्टन यांची. ते डॉक्टर नव्हते, हौशी खेळाडू होते. वॉटर स्कीइंग करताना गुडघा दुखावला, नेहमीचे उपचार घेऊनही वाकेना. यंत्रकामाची त्यांना माहिती होती. रगडायला हाताऐवजी धातू वापरला तर, म्हणून त्यांनी स्वतःच हत्यारे घडवली. इंडियाना राज्यातल्या मन्सी गावच्या बॉल मेमोरियल रुग्णालयात आणि बॉल स्टेट विद्यापीठात त्यावर काम झाले. १९९४ पासून सहा पोलादी हत्यारांचा संच त्यांच्या नावाने प्रशिक्षणासह विकला जाऊ लागला. त्याच मन्सीतल्या संशोधनातून थॉमस सेव्हियर यांची ॲस्टिम ही दुसरी पद्धत निघाली. पुढे पेटंटे, प्रशिक्षणे, नकला यांची रांग लागली. आज ऑनलाइन दुकानात काहीशे रुपयांत अशी पट्टी घरपोच मिळते.

विक्री वाढली तसे दावेही वाढले. ते सगळे गोळा केले तर तीन उरतात. एक, पट्टी आत तयार झालेल्या चिकट गाठी आणि व्रण तोडते. दोन, ती थांबलेली दुरुस्ती पुन्हा सुरू करते. तीन, ती दुखणे शमवते आणि सांधा मोकळा करते.

पहिला दावा सर्वांत लोकप्रिय आहे. पेशंटलाही पटतो, कारण पट्टीखाली खरखर लागते आणि चार बैठकांनंतर ती कमी झालेली जाणवते. आत काहीतरी तुटले असणारच! २००८ मध्ये हान्स चौधरी आणि सहकाऱ्यांनी, ज्यात फॅशियाचे जाणकार संशोधकही होते, याचे गणित मांडले. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा फॅशिया लाटा नावाचा जाड पडदा फक्त एक टक्का दाबला जावा यासाठी किती जोर लागेल? ९०० किलोहून अधिक वजनाइतका. एक टक्का सरकवायला ४०० किलोहून अधिक. तळपायाच्या फॅशियाचे आकडेही याच घरात. साठ किलोची फिजिओ मनगटाच्या जोरावर पट्टी चालवते, तेव्हा हे होणे नाही. हे गणिती प्रारूप आहे, जिवंत माणसावरचा प्रयोग नव्हे. वरचे, सैल पडदे हाताच्या जोरानेही सरकतात हे त्याच अभ्यासात दिसले. पण पट्टीने खोलवरची जाड जाळी ‘तोडली’ जाते हे सांगणे त्यानंतर अवघड झाले. खरखर कमी होते ती कातडीखालचा द्रव हलल्याने, स्नायू सैल पडल्याने किंवा पेशंटने आखडणे सोडल्याने होत असावी.

दुसरा दावा प्रयोगशाळेत जरा बरा ठरतो. १९९७ मध्ये मन्सीच्या गटाने उंदरांच्या अकिलिस कंडरेला मुद्दाम रासायनिक इजा केली आणि काहींना धातूच्या हत्याराने घासले. घासलेल्या कंडरांत फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी, अधिक दिसल्या. दोन वर्षांनी त्याच गटाने हलका, मध्यम आणि जोराचा दाब असा फरक करून पाहिला. जोराच्या दाबाखाली पेशी सर्वांत जास्त जमल्या.

मग २००९ मध्ये टेरी लोगमानी आणि स्टुअर्ट वॉर्डन यांचा प्रयोग आला, आणि तो नीट बघण्यासारखा आहे. ५१ उंदीर. प्रत्येकाच्या दोन्ही गुडघ्यांचे आतले लिगामेंट शस्त्रक्रियेने दुखावले. एक आठवड्यानंतर एका गुडघ्याला आठवड्यातून तीनदा, फक्त एकेक मिनिट, लिगामेंटच्या आडवे हत्यार घासले. दुसरा गुडघा तसाच ठेवला. म्हणजे प्रत्येक उंदराची तुलना स्वतःशीच. चौथ्या आठवड्यात लिगामेंट काढून यंत्रात ताणून तोडले, तेव्हा घासलेले ४३ टक्के अधिक ताकदीचे आणि ४० टक्के अधिक ताठ निघाले, आणि तुटण्यापूर्वी त्यांनी ५७ टक्के अधिक ऊर्जा पचवली. विक्रीच्या पत्रकांत इथे पूर्णविराम असतो. प्रयोग मात्र पुढे चालला. उरलेल्या उंदरांना दहा आठवडे उपचार देऊन बाराव्या आठवड्यात तपासले, तेव्हा दोन्ही बाजूंत फारसा फरक राहिला नव्हता. न घासलेल्या गुडघ्याने मागून येऊन गाठले होते.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. स्पर्धेत उतरायची घाई असलेल्या खेळाडूला चौथ्या आठवड्यातला फायदा मोलाचा वाटेल. पण ते ताजे कापलेले लिगामेंट होते, तरण्या, निरोगी उंदराचे. पन्नाशीतल्या शिक्षिकेची दोन वर्षे दुखणारी टाच ही वेगळी गोष्ट आहे.

माणसांवरच्या चाचण्यांकडे आले की उत्साह आणखी ओसरतो. २०१६ मध्ये स्कॉट चीथम आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या सात यादृच्छिक चाचण्या तपासल्या. निष्कर्ष: दुखण्यावर हा उपचार गुणकारी आहे असे म्हणायला पुरावा पुरत नाही, सांध्याची हालचाल थोड्या काळासाठी वाढते याला मात्र काही आधार आहे. २०१९ मध्ये गोरिस नझारी यांच्या गटाने अधिक चाचण्या घेऊन तपासले आणि तेही वापराची शिफारस करू शकले नाहीत. सिरियाक्सच्या आडव्या रगडण्याची अवस्थाही काही फार चांगली नाही: टेनिस एल्बो आणि गुडघ्याच्या बाजूच्या दुखण्यावर २०१४ मध्ये कोक्रेन संस्थेने जे परीक्षण केले, त्यात दोनच छोट्या चाचण्या निकषांत बसल्या, मिळून ५७ माणसे. एवढ्यावरून हो किंवा नाही म्हणता येत नाही.

चाचण्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. पोलादी पट्टीची ‘साखरेची पट्टी’ कशी बनवणार? कातडी लाल झाली की पेशंटला कळते आपल्याला काय मिळाले. शिवाय दाब, कोन, वेळ, आठवड्यातल्या खेपा हे सगळे प्रत्येक अभ्यासात वेगळे; आणि बहुतेक ठिकाणी पट्टीबरोबर व्यायामही दिलेला, मग श्रेय कोणाला?

तिसऱ्या दाव्यात सर्वांत जास्त दम आहे. कॉलेजच्या ३५ बेसबॉल खेळाडूंवर केव्हिन लॉडनर यांच्या गटाने २०१४ मध्ये पाहिले: खांद्याच्या मागच्या बाजूला मिनिटभराहून कमी वेळ पट्टी फिरवली आणि हात छातीसमोरून आडवा नेण्याची हालचाल सुमारे ११ अंशांनी वाढली. वर्षभर चेंडू फेकणाऱ्याचा खांदा मागून आवळतो, आपल्या वेगवान गोलंदाजांचाही; त्यामुळे ११ अंश ही नगण्य गोष्ट नाही. पण मिनिटभरात कोलॅजनची रचना बदलत नाही. बदलते ती मज्जासंस्थेची नोंद. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले, की स्पर्श-दाबाचे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंची हालचाल वाढली की मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अटकाव होतो. कोपर टेबलाला आपटला की माणूस आपोआप तो चोळतो, ते यामुळेच. पट्टी कातडीतल्या आणि फॅशियातल्या दाब ओळखणाऱ्या टोकांना जोरकस, नेमका स्पर्श देते. दुखणे काही मिनिटे, काही तास कमी होते, स्नायूची आखडण्याची सवय जराशी सैल पडते.

काही तास. हा अवधी वापरला तर उपचार, नाही तर पट्टीचे व्यसन.

म्हणून त्या पायरीकडे येऊ. १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या उमेओचे अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांची स्वतःची अकिलिस कंडरा दुखत होती. वरिष्ठाने शस्त्रक्रिया करावी अशी त्यांची इच्छा. ती करायला तो तयार होईना. मग आल्फ्रेडसननी ठरवले की कंडरा आणखी बिघडवून दाखवायची. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा खाली सोडायच्या, दुखले तरी, वजन वाढवत. बिघडायच्या ऐवजी ती बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवर हेच केले: गुडघा सरळ आणि गुडघा वाकवून, प्रत्येकी पंधराचे तीन संच, दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा टाच खाली. सगळे पंधरा जण पुन्हा धावू लागले. छोटा अभ्यास होता, पण पुढच्या पंचवीस वर्षांत कंडरेवर हळूहळू भार वाढवण्याच्या उपचाराला भक्कम आधार मिळत गेला. करीम खान आणि ॲलेक्स स्कॉट यांनी २००९ मध्ये त्याचे पेशीपातळीवरचे स्पष्टीकरण एकत्र मांडले: ताण पडला की पेशी तो ओळखतात आणि त्यानुसार तंतू बांधतात. भार म्हणजे पेशींना दिलेली सूचना. पट्टीच्या पाच मिनिटांची सूचना पुसट. बारा आठवड्यांच्या भाराची ठळक.

चांगली फिजिओ पट्टी वापरते ती याच हिशेबाने. दुखण्यामुळे पेशंट टाच खाली सोडायलाच घाबरत असेल, तर आधी पट्टीने ते दुखणे उतरवायचे आणि त्याच बैठकीत, अंग थंड व्हायच्या आत, पायरीवर उभे करायचे. अर्ध्या तासाच्या बैठकीत पट्टीला पाच मिनिटे आणि व्यायामाला पंचवीस असतील तर हिशेब बरोबर. उलटे असेल, आणि घरी करायला काहीच सांगितले नसेल, तर पेशंटने कारण विचारावे.

काही गोष्टी मात्र आधीच विचारायला हव्यात, आणि त्या फिजिओने. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? हृदयाच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन घेणारे पेशंट आपल्याकडे भरपूर आहेत, आणि विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. अशांना जोराने खरवडले तर साधा लालपणा राहत नाही, काळानिळा डाग पसरतो. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल तर ‘दुखतंय का?’ या प्रश्नाचे उत्तर भरवशाचे नसते. पोटरी सुजली, गरम झाली आणि दुखते आहे, तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना हे डॉक्टरने तपासेपर्यंत पट्टी लावायची नाही. न जुळलेले हाड, उघडी जखम, जंतुसंसर्ग, गाठीचा संशय, हे सगळे बाद. दोन पेशंटांच्या मध्ये हत्यार जंतुनाशकाने धुतलेच पाहिजे, कारण खरवडल्याने कातडीवर दिसत नाहीत असे ओरखडे पडतात. आणि काळे-निळे पडणे हे यशाचे लक्षण नाही. सुरुवातीच्या वर्षांत ते तसे मानले जाई; आज जाणकार फिजिओ तितका जोर टाळतात.

ऑनलाइन मागवलेली पट्टी घरी वापरणाऱ्यांसाठी वेगळी बंदी नाही, पण निदान पट्टी करत नाही. टाच दुखते म्हणजे तळपायाचा फॅशियाच असेल असे नाही. टाचेच्या हाडाला बारीक तडा, दबलेला मज्जातंतू, क्वचित सांध्यांचा आजार, यांतही टाचच दुखते.

आता त्या दुखऱ्या टाचेसाठीच एक तपशील, कारण सभागृहात सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावले जपून टाकणारे बरेच असतील. डेन्मार्कच्या मायकेल रॅथलेफ यांच्या गटाने टाचदुखीच्या ४८ पेशंटांवर तुलना केली. निम्म्यांना नेहमीचे ताण देण्याचे व्यायाम, निम्म्यांना भाराचा एकच व्यायाम. तो असा: पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहायचे. बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी, म्हणजे टाच उचलताना बोटे वर वळतील आणि तळपायाचा फॅशिया ताणला जाईल. तीन सेकंदांत टाच वर, वर दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड. सुरुवातीला जेमतेम बारा वेळा जमेल एवढाच भार, तीन संच. पुढे पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके घालून वजन वाढवत जायचे आणि संच वाढवायचे. तीन महिन्यांनी भाराचा गट स्पष्टपणे पुढे होता. वर्षाने दोन्ही गट जवळपास बरोबरीत आले. पहिले दोन-तीन आठवडे या व्यायामाने टाच थोडी अधिक दुखू शकते, आणि बहुतेक जण तो सोडतात ते याच आठवड्यांत. फिजिओने पट्टी हातात घ्यायचीच असेल तर ती या आठवड्यांत घ्यावी, आणि त्या दिवसाचे तीन संच तिच्यासमोरच पुरे करून घ्यावेत.